किरायाची खोली, अकरा महिने आणि रजिस्ट्री

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दोन खोल्या किरायाने देणाऱ्याला विचारा, कागद केला का? बहुतेकदा उत्तर येतं, "केला ना, अकरा महिन्यांचा. पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरी मारून." गाव आणखी लहान असेल तर तेवढंही नसतं. "कागद कायले पायजे भाऊ? सर आपल्या ओळखीचे हायेत." सर खरंच चांगले असतात. किराया पाच तारखेच्या आत येतो, दिवाळीत फराळाची ताटं इकडून तिकडे जातात. पुढे सरांची बदली होते, खोलीत त्यांचा साळा राहायला येतो आणि त्याच्याशी नेमकं काय ठरलं होतं हे ना मालकाला सांगता येत, ना सरांना.

वरची माडी, रोडवरचा एखादा गाळा, बाजूच्या प्लॉटवर बांधून काढलेल्या दोन-तीन खोल्या, एवढाच ज्यांचा पसारा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मोठ्या मालकाकडे वकील असतो. लहान मालकाकडे शेजाऱ्याचा सल्ला असतो, आणि तो सल्ला बरेचदा वीस-पंचवीस वर्षं जुना असतो.

अकरा महिन्यांचंच घ्या. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची रजिस्ट्री करावी लागते. ती टाळायची म्हणून लोकांनी मुदत एक महिन्याने कमी केली आणि देशभर अकरा महिन्यांची रीत पडली. महाराष्ट्रात मात्र हे दार कधीच बंद झालं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ म्हणतं की घर किरायाने दिलं असो की लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, करार लेखी पाहिजे आणि त्याची नोंदणी झालेली पाहिजे. मुदत अकरा महिने असली तरी सुटका नाही. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

लोक या शिक्षेलाच घाबरतात. मला त्याच कलमातलं दुसरं वाक्य जास्त महाग वाटतं. नोंदणी केलेला करार नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे म्हणेल ते, उलटं सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तुम्ही म्हणता किराया चार हजार होता, तो म्हणतो अडीच. तुम्ही म्हणता डिपॉझिट दहा, तो म्हणतो तीस. आकडा खोटा आहे हे दाखवत बसायचं काम तुमचं. नोटरीची सही आणि शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, एवढं तरी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि रजिस्ट्री करायचीच आहे, तर मग अकराच महिने कशासाठी? खर्चाचा हिशोब पाहा. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असतं. ते पूर्ण मुदतीच्या किरायावर, अधिक परत करायच्या डिपॉझिटच्या वर्षाला दहा टक्के धरलेल्या रकमेवर काढतात. किराया ३,५०० आणि डिपॉझिट १०,००० असेल तर अकरा महिन्यांचा किराया ३८,५०० झाला, डिपॉझिटचे धरलेले नऊशे-सव्वानऊशे. त्याचा पाव टक्का शंभराच्या आसपास येतो. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि नगरपालिकेच्या हद्दीत १,०००. ही फी करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, एकदाच लागते. म्हणजे दरवर्षी नव्याने धावपळ करण्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा करार करून त्यात 'कोणत्याही बाजूने एक महिन्याची नोटीस' अशी अट टाकणं स्वस्त पडतं. साठ महिन्यांपर्यंत असा करार करता येतो. नोंदणीही आता ऑनलाइन होते. दोघांचा आधार, अंगठा, फोटो आणि दोन साक्षीदार लागतात, आणि तालुक्याला हे काम करून देणारा कोणी ना कोणी मिळतोच. त्याची मजुरी सरकारी खर्चाहून जास्त असू शकते, तेवढी आधी विचारून घ्या.

आता लिव्ह अँड लायसन्स आणि साधा किराया यात फरक काय, ते पाहू. जुनी माणसं सांगतात, "किरायेदार एकदा घुसला की निघत नाही." त्यांचं चुकत नाही, त्यांनी दुसरा कायदा पाहिला आहे. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा बॉम्बे रेंट ॲक्ट होता, मराठवाड्यात हैदराबादचा, आणि आपल्याकडे सी. पी. अँड बेरारचा, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचा, १९४९ चा आदेश. त्या आदेशाखाली मालकाला आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे, ती मिळाली की नोटीस, मग दिवाणी दावा. दोन-दोन ठिकाणी अपिलं. बाप दावा लावायचा आणि पोरगा निकाल ऐकायचा. १९९९ च्या कायद्याने ही तिन्ही जुनी व्यवस्था काढून एकच आणली.

या नव्या कायद्यातही साधा किरायेदार चांगलाच सुरक्षित आहे. तो ठरलेला किराया देत राहिला तर कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय त्याला काढता येत नाही. किराया वाढवायचा तर वर्षाला चार टक्के. तो वारला तर सोबत राहणाऱ्या घरच्यांना किरायेदारी मिळते. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे मात्र ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी. ती वारसाला जात नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि मुदत संपली की संपते. राहायच्या घरासाठी असा करार असेल आणि मुदतीनंतर माणूस निघत नसेल तर कलम २४ खाली दिवाणी कोर्टाऐवजी सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याने लढायची परवानगी मागावी लागते, नाही तर निकाल मालकाच्या बाजूने जातो. शिवाय जादा राहिलेल्या दिवसांचे ठरलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे मागता येतात. फक्त हे सगळं लेखी करारावर उभं आहे, म्हणून करारात काय लिहिलं याला किंमत आहे.

गाळेवाल्यांनी इथे थांबून पुन्हा वाचावं. कलम २४ राहायच्या जागेपुरतंच आहे. दुकानाच्या गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स केला तरी मुदतीनंतर माणूस अडून बसला तर तालुक्याच्या दिवाणी कोर्टाचीच पायरी चढावी लागते. म्हणून खोली देताना जेवढी चौकशी करता त्याच्या दुप्पट गाळा देताना करा. कृषी सेवा केंद्राला देणार असाल तर आणखी एक: बियाणं, खत आणि कीटकनाशकाचा परवाना त्या ठरावीक जागेचा असतो आणि त्यासाठी तुमचा करार जोडला जातो. दुकान कुठलं, गोदाम कुठलं, हे करारात स्पष्ट लिहा. खाली कीटकनाशकाचे डबे आणि वर तुमची नातवंडं झोपलेली, असली मांडणी तर कितीही किराया मिळाला तरी करू नका.

एक बारकावा खेड्यांसाठी. १९९९ चा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या शहरांना आणि गावांना लागू आहे. आपलं गाव त्यात येतं का, हे तालुका कोर्टातल्या वकिलाला विचारलं की कळतं. येत नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. त्यात करार नसेल तर घराचा किराया महिन्या-महिन्याचा धरतात आणि पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीने तो संपवता येतो. मालकाला हे सोपं आहे, पण नोटीस तोंडी चालत नाही. आणि यादीत नसलेल्या गावातही नोंदणीकृत करार करायला कोणी अडवत नाही. मी तरी करायलाच सांगेन.

खेड्यात आणखी एक भीती असते, कुळाची. आजोबांनी बटईने दिलेलं वावर गेलं, म्हणून नातू खोली द्यायला घाबरतो. शेतीचा कूळ कायदा विदर्भासाठी वेगळा, १९५८ चा आहे, आणि तो शेतजमिनीचा आहे. तुमच्या खोलीला तो लागत नाही. तसंच 'बारा वर्षं राहिला की घर त्याचं' हेही किरायेदाराला लागू होत नाही, कारण तो तुमच्या परवानगीने राहतो आहे आणि जोवर तो किरायेदार म्हणून आहे तोवर तुमची मालकी त्याला नाकारता येत नाही. धोका तेव्हा होतो जेव्हा तो किरायेदार होता हे दाखवणारा एक चिटोराही तुमच्याकडे नसतो.

म्हणूनच ग्रामपंचायतीचा 'नमुना ८', म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा, वर्षातून एकदा काढून पाहत जा. त्यात मालकाच्या बाजूला भोगवटादाराचा रकाना असतो. कधी किरायेदारच घरपट्टी भरायला जातो, पावती स्वतःच्या नावाने फाडून घेतो, आणि पुढच्या आकारणीत त्याचं नाव त्या रकान्यात जाऊन बसतं. घरपट्टी-पाणीपट्टी स्वतः भरा. त्याच्याकडून भरून घ्यायचीच असेल तर पावती तुमच्या नावाची असू द्या. बापाच्या नावावर घर आणि बाप जाऊन दहा वर्षं झाली, तिघा भावांत एकच किराया घेतो, हेही घरोघरी दिसतं. करारावर सही कोणाची, हा प्रश्न मग किरायेदारापेक्षा भावाभावांत पेटतो. आधी वारसांची नोंद करून घ्या. तोवर निदान बाकीच्या भावांची लेखी संमती घेऊन ठेवा.

करारात काय लिहायचं? छापील नमुन्यात रंग, खिळे, पाळीव प्राणी असलं बरंच असतं. आपल्याकडे भांडण होतं ते कूलरवरून. मार्चच्या शेवटी कूलर बाहेर निघतात, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि त्या दोन-अडीच महिन्यांत वर्षभराची ओळख पुसली जाते. कूलर कोणत्या खिडकीला लागेल, त्यासाठी खिडकीची जाळी कोण कापणार, लोखंडी स्टँड कोणाचा, पाणी टाकीचं की बोअरचं, दिवसातून किती वेळ मोटर लावायची, सगळं आधी ठरवा. खिडकीखालची भिंत बघा. गवताच्या ताट्यांतून गळणारं पाणी दोन उन्हाळ्यांत प्लास्टर फुगवतं आणि मग 'हे आधीच होतं' असा वाद सुरू होतो. देताना भिंतीचे फोटो काढून ठेवले असतील तर तो वाद दोन मिनिटांत मिटतो. आणि अर्थिंग स्वतःच्या खर्चाने तपासून घ्या, शॉक लागताच करंट तोडणारा स्विच बसवा. कूलरच्या शॉकने माणूस गेल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात येतेच. ती आपल्या घरची असू नये. याचा खर्च किरायेदारावर टाकायचा विचारही करू नका.

मीटरचं गणित वेगळं आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटांना सर्वांत कमी, तीनशेपर्यंत त्याहून जास्त, पुढे आणखी जास्त. दोन कुटुंबं एकाच मीटरवर असली की दोघांचे युनिट मिळून वरच्या टप्प्यात जातात आणि वापर तेवढाच असून बिल फुगतं. शक्य असेल तर किरायाच्या भागाला वेगळं मीटर घ्या, तुमच्याच नावाने. सबमीटर असेल तर युनिटचा दर काय धरायचा हे करारात लिहा. राहायला दिलेल्या खोलीत किरायेदाराने झेरॉक्स मशीन किंवा सलूनची खुर्ची टाकली तर तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे लागू दराच्या दुपटीने आकारणी होऊ शकते. पथक आलं की मीटर ज्याच्या नावावर त्याचंच दार ठोठावतं.

कवेलूचं घर देत असाल तर मृगाच्या आधी छत फेरून द्या. दुरुस्ती ही कायद्यानेच मालकाची जबाबदारी आहे. किरायेदाराने पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही तुम्ही हललात नाही तर तो स्वतः करून घेऊन खर्च किरायातून कापू शकतो, वर्षाच्या किरायाच्या एक-चतुर्थांशापर्यंत.

किरायेदार निवडताना जात, गाव, नातं बघण्यात लोक वेळ घालवतात. त्यापेक्षा मागच्या घरमालकाला एक फोन करा. पोलीस ठाण्यात किरायेदाराची माहिती द्या, महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही ती भरता येते. रस्त्याच्या, खाणीच्या किंवा पॉवर हाऊसच्या ठेकेदाराने मजुरांसाठी घर घेतलं तर करार ठेकेदाराशी करा आणि राहणाऱ्यांची यादी सोबत लावा. नाही तर ठेकेदाराचं काम संपतं, तो जातो, आणि घरात कोण राहतं हे कोणालाच माहीत नसतं.

मुख्यालयी राहण्याचा मामलाही सांगून टाकतो. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक यांनी नेमणुकीच्या गावी राहावं आणि त्यावर घरभाडे भत्ता मिळावा, असं धोरण आहे. प्रत्यक्षात अनेक जण शहरातून अप-डाउन करतात आणि एखाद्या घरमालकाला म्हणतात, "भाऊ, फक्त सही करून द्या, राहायला काही येत नाही." गावात राहायचं म्हणून ओळखीत नाही म्हणणं जड जातं. पण चौकशी लागली तर खोटा कागद तुमच्या सहीचा असतो, आणि कागदोपत्री तुमच्या घरात एक किरायेदारही असतो. जो राहत नाही त्याला कागद देऊ नका.

पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने घ्या, म्हणजे नोंद आपोआप राहते. रोख घेतले तर पावती द्या. ती देणं कायद्याने बंधनकारकच आहे. डिपॉझिटबद्दल व्हॉट्सॲपवर अधूनमधून 'नवीन भाडे नियम' फिरतात: दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट घेता येणार नाही वगैरे. ती गोष्ट केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. तरी दोन-तीन महिन्यांच्या किरायाएवढं डिपॉझिट आपल्या भागात पुरेसं आहे, त्याहून जास्त मागितलं की चांगला किरायेदार पुढच्या गल्लीत जातो. आयकराचं थोडक्यात: भरलेली घरपट्टी वजा करा, उरलेल्यातून दुरुस्तीसाठी म्हणून सरसकट तीस टक्के सूट मिळते, तेवढीच रक्कम उत्पन्नात धरायची.

किराया थकला की पहिला विचार मनात येतो तो कुलूप लावायचा किंवा लाइट काढायचा. दोन्ही करू नका. पाणी, वीज यांसारख्या सोयी तोडणं १९९९ च्या भाडे कायद्याखाली गुन्हा आहे. जबरदस्तीने बाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली किरायेदार सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि तिथे मालक कोण हा प्रश्नच विचारला जात नाही. थकलेला असतो तो आणि कोर्टात उभे राहता तुम्ही.

त्यापेक्षा दुसऱ्या महिन्यालाच साधं पत्र लिहा: इतक्या महिन्यांचा इतका किराया बाकी आहे, अमुक तारखेपर्यंत द्यावा. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा ठेवा. जुनं रजिस्टर्ड पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळलं आहे. बरेचदा या पत्रानेच काम होतं, कारण पोस्टमन दारात आला की घरच्यांना कळतं. साधी किरायेदारी असेल तर लेखी मागणी पोचल्यावर नव्वद दिवस थांबल्याशिवाय खाली करून घेण्याचा दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्सपासून नव्वद दिवसांत त्याने सगळी बाकी पंधरा टक्के व्याजासह भरली तर त्याचं घर वाचतं. आणि "देईल कधी तरी" म्हणून वर्षानुवर्षं थांबू नका. तीन वर्षांहून जुनी बाकी कोर्टातून वसूल होत नाही.

पण प्रत्येक थकबाकी बदमाशी नसते. सोयाबीनचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेत, कंत्राटी नोकरीचा पगार तीन महिने झाला नाही, अशी कारणं आपल्याकडे खरीच असतात. सवलत द्यायची असेल तर जरूर द्या, फक्त बाकीचा आकडा आणि फेडीची तारीख एका ओळीत लिहून त्याची सही घ्या.

खोली सोडताना सगळ्यात जास्त घाई असते, टेम्पो दारात उभा असतो. शेवटचं लाइट बिल यायला वेळ लागतो, म्हणून मीटरच्या आकड्याचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये काढा, युनिटचा हिशोब तिथेच करून उरलेलं डिपॉझिट त्याच्या खात्यात टाका, आणि 'खोलीचा ताबा व चाव्या मिळाल्या, एकमेकांकडे घेणं-देणं बाकी नाही' एवढं तारीख टाकून लिहा. दोघांनी सही करायची, एक प्रत त्याची, एक तुमची.